शाळेत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट : लर्निंग लायसन्स की पक्कं?

जूनमधली पालकसभा म्हणजे एरवी रेनकोट, बूट आणि रिक्षावाल्या काकांच्या तक्रारी. यंदा घणसोलीत लेकीच्या शाळेत वेगळंच निघालं. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की आठवी-नववीच्या मुलांना आता शाळेतच कॉम्प्युटर कौशल्याची पात्रता मिळवता येईल. बाहेरची संस्था परीक्षा घेईल आणि सर्टिफिकेट देईल. ज्यांना हवं त्यांनी आठवड्याभरात फॉर्म भरायचा.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. "म्हणजे एमएस-सीआयटीच ना?" "सरकारी नोकरीला चालतं का?" "अहो मॅडम, मोबाईल तर पोरगा माझ्यापेक्षा भारी चालवतो, मग फी कशाची?" कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणाल्या, "एनएसक्यूएफ अलाइन्ड कोर्स आहे," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बाहेर आल्यावर शेजारच्या ताईंनी विचारलं, "काय असतं हो ते?" मला सांगता येईना. पुढचे चार दिवस मी ते शोधण्यात घालवले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. मी रबाळे एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब पाहते, कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. पण रोज आठ तास त्याच्यासमोर बसते.

विषय वेगळा, पात्रता वेगळी

शाळेत कॉम्प्युटर हा विषय आधीपासून आहेच. पुस्तक आहे, वहीत सीपीयूचं चित्र आहे, वर्षाअखेरीला श्रेणी आहे. मग नवीन काय?

घरी आजी म्हणते, "आमची पोर किती गोल पोळ्या लाटते!" हे कौतुक झालं. पोळीभाजी केंद्राच्या मावशी तिला दहा पोळ्या लाटायला लावतात, उलटून पाहतात आणि म्हणतात, "उद्यापासून ये." ही पात्रता. पोळी तीच असते, पण निवाडा करणारी व्यक्ती घरची नसते, आणि पोळी कशी असली म्हणजे चालेल हे तिने आधीच ठरवलेलं असतं.

दहावीचंही असंच आहे. नववीपर्यंत शिकवतं कोण, पेपर काढतं कोण, तपासतं कोण? तीच शाळा. दहावीला पेपर बोर्डाचा असतो आणि तपासणारा दुसऱ्या शाळेचा, म्हणून ते गुण सांगलीतही चालतात आणि नागपुरातही. कॉम्प्युटरच्या पात्रतेत हेच होतं. मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे याची यादी आधी लिहिलेली असते, ते येतं का हे शाळेबाहेरचं कोणीतरी तपासतं आणि सर्टिफिकेटवर एक मान्यताप्राप्त संस्था सही करते. सही करणाऱ्या या संस्थेला 'अवॉर्डिंग बॉडी' म्हणतात. हा शब्द एवढ्यासाठी लक्षात ठेवा, की फॉर्मवर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे नाव असतं ते बहुतेकदा शिकवणाऱ्या क्लासचं असतं. सही करणारं नाव खाली बारीक अक्षरात असतं.

आता ते एनएसक्यूएफ, म्हणजे नॅशनल स्किल्स क्वालिफिकेशन्स फ्रेमवर्क. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या कौशल्य अभ्यासक्रमांसाठी एक जिना आखला. कोणता कोर्स कितव्या पायरीवर बसतो, म्हणजे तो केल्यावर माणसाला किती अवघड काम, किती देखरेखीखाली करता येईल, हे त्यात ठरतं. ठाण्यातला कोर्स आणि पाटण्यातला कोर्स एकाच पट्टीने मोजता यावा, हा हेतू. 'अलाइन्ड' म्हणजे आमचा कोर्स या जिन्यावर बसतो असा दावा. तो खरा आहे का, हे पाहायला नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर नावाची सरकारी नोंदवही ऑनलाइन उघडी आहे. कोर्सचं नाव घालून शोधायचं, सापडलं तर पायरी दिसते. आणि नाहीच सापडलं, तर मॅडमना पुन्हा विचारायचं, मानेऐवजी तोंड वापरून.

लर्निंग आणि पक्कं

कॉम्प्युटर येतो हे दाखवणाऱ्या सर्टिफिकेटला लायसन्स म्हणण्याची कल्पना फिनलंडची. १९९४ मध्ये तिथे 'कॉम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स' निघालं, मग ते युरोपभर पसरलं आणि युरोपाबाहेर 'आयसीडीएल' या नावाने गेलं. इंजिन कसं बनवतात ते येण्याची गरज नाही, पण गाडी रस्त्यावर नीट चालवता आली पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. मला ही उपमा आवडते. पण आपल्याकडे लायसन्स दोन असतात हे विसरून चालणार नाही.

लर्निंग लायसन्सला आपण काय करतो? स्क्रीनसमोर बसतो, खुणा ओळखतो, चार पर्यायांतून एक निवडतो. ज्याने जन्मात क्लच दाबलेला नाही तोही पास होतो. पक्क्या लायसन्सला मात्र इन्स्पेक्टरसमोर आठचा आकडा काढावा लागतो, पाय टेकला की संपलं.

कॉम्प्युटरच्या परीक्षाही अशाच दोन जातींच्या. 'एक्सेलमध्ये बेरजेसाठी कोणतं फंक्शन वापरतात?' हा लर्निंगचा प्रश्न. 'ही घ्या ४१ मुलांची गुणपत्रिका, नापास किती ते काढा, यादी गुणांप्रमाणे लावा आणि एका पानावर बसेल अशी छापा' हा पक्क्याचा. पहिला गाईड पाठ करून सुटतो. दुसऱ्याला कळफलकावर हात लागतो.

हे मी पुस्तकी बोलत नाही. २००४ साली दहावीच्या सुट्टीत मी कोपरखैरण्याला एमएस-सीआयटी केलं. त्या काळी दहावी झाली की पोरीला शिवण क्लास नाहीतर एमएस-सीआयटी. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं याचंच अप्रूप. आमच्या क्लासच्या सरांनी शेवटच्या आठवड्यात प्रश्न-उत्तरांची झेरॉक्स दिली, मी ती घोकली आणि उत्तम गुणांनी पास झाले. पाच वर्षांनी पहिल्या नोकरीत साहेबांनी डिलिव्हरी चलनांचा महिन्याचा तक्ता करायला सांगितला, तेव्हा मी बेरजा कॅल्क्युलेटरवर करून एक्सेलमध्ये टाइप केल्या. शेजारच्या टेबलावरचे काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाळा, ते यंत्र स्वतः बेरीज करतं." दोष कोर्सचा नव्हता, त्यात सगळं होतं. मी लर्निंगवर हायवेला आले होते.

म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न फीचा नाही. परीक्षेत मूल काम करून दाखवणार की पर्याय निवडणार? नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'सीसीसी' या कॉम्प्युटर कोर्सची परीक्षा ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची आहे. सीबीएसईच्या दहावीला माहिती तंत्रज्ञान हा कौशल्य विषय घेतला तर ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिकाचे. दोन्ही मान्यताप्राप्तच, पण एकात आठचा आकडा काढावा लागतो.

"मोबाईल येतो की त्याला!"

सभेत सगळ्यात जोरात आलेला आक्षेप हाच, आणि तो चुकीचा नाही. २०२३ च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालासाठी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असलेली घरं मात्र ९ टक्के. आमची सभा तर आयटी पार्क आणि डेटा सेंटरच्या दिव्यांखालची, ठाणे-बेलापूर रोडला लागून. तरी मुख्याध्यापकांनी "घरी कॉम्प्युटर कोणाकडे?" विचारलं तेव्हा पन्नासेक पालकांत सहा हात वर गेले. त्यातले दोन जण म्हणाले, ऑफिसचा आहे, मुलांना हात लावू देत नाही.

फोन मुलांना येतो, कारण फोन कष्ट लपवतो. फाइल कुठे ठेवली हे तो विचारतच नाही. लेकीला मी म्हटलं, "तो निबंध कुठे सेव्ह केलास?" ती म्हणाली, "व्हॉट्सअ‍ॅपवर आहे." तिच्या लेखी ती जागाच आहे. हेच मूल दहावीनंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला बसतं. दाखल्याची फाइल अमुक केबीपेक्षा लहान हवी, फोटो अमुक प्रकारचा हवा, म्हटलं की घामाघूम होतं. मग सायबर कॅफेवाल्या दादाला पैसे देऊन ते काम होतं, आणि त्या दादाकडे आपला पासवर्डही राहतो. (दरवर्षी राहतो. कोणी बदलत नाही.)

मागच्या गणपतीतली गोष्ट. सोसायटीच्या वर्गणीची यादी लेकीने हौसेने कॉम्प्युटरवर घेतली. सगळ्यात जास्त वर्गणी वर दिसावी म्हणून तिने रकमेचा रकाना निवडला आणि क्रम लावला. प्रोग्रॅमने विचारलं होतं, बाजूचे रकाने सोबत हलवू का? तिने न वाचता दुसरं बटण दाबलं. रकमा हलल्या, नावं जागच्या जागी राहिली. तळमजल्यावरच्या आजींनी १०१ दिले होते, त्यांच्यापुढे ५,००१ आले, आणि ५,००१ देणाऱ्या काकांपुढे १५१. ती यादी लिफ्टशेजारी लागली. काका संध्याकाळी आमच्या दारात. सुदैवाने कागदी पावतीपुस्तक होतं, त्यावरून यादी पुन्हा केली. ओळ म्हणजे एक माणूस, ती फोडायची नसते, हे तिला त्या संध्याकाळी जसं कळलं तसं कुठल्याही धड्याने कळलं नसतं. कॉम्प्युटर येणं म्हणजे माझ्या लेखी हे आहे. फोनवर अशी चूक करायची संधीच मिळत नाही.

एवढी नावं कशाला?

थोडक्यात उरकते. एमएस-सीआयटी चालवते ती एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, २००१ मध्ये स्थापन झालेली. सर्टिफिकेटवर सही महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. तो कोर्स मराठीतून करता येतो, हे मराठी माध्यमाच्या पालकांसाठी सांगून ठेवते. सीसीसी ही केंद्र सरकारच्या नाइलिटची, ८० तासांची. या संस्थेचं जुनं नाव डोएक, त्यामुळे जाहिरातीत दोन्ही नावं दिसली तर बावचळू नका. टायपिंगची सरकारी परीक्षा याहून वेगळी, ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट मागतात, ते तिचं सर्टिफिकेट. कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटने टायपिंगचं काम भागत नाही. दर वर्षी कोणीतरी या दोन्हींत गल्लत करून फॉर्म बाद करून घेतंच.

मराठी टायपिंग मात्र शाळेने जमेल तसं शिकवावं असं मला मनापासून वाटतं, परीक्षेत असो नसो. मुलं मराठी लिहितात ती फोनवर, इंग्रजी अक्षरांत. 'ऱ' कसा काढायचा हे वर्गात एकाला येईल तर शपथ. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर 'र' आहे तीच शिफ्ट धरून दाबायची, इतकं सोपं आहे ते. नाहीतर 'दुसऱ्या' आणि 'पुऱ्या' जन्मभर चुकीचे.

तासांचा हिशेब

आता माझ्या आवडीचा भाग, कारण इथे आकडेमोड आहे.

८० तासांचा कोर्स शाळेत बसवायचा. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका धरल्या आणि सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वगळून ३५ आठवडे खरे धरले, तर ७० तासिका होतात. म्हणजे जेमतेम ४१ तास. एका वर्षात ८० होत नाहीत, दोन वर्षं लागतात. शाळा म्हणाली "वर्षात पूर्ण करू", तर कसं, ते विचारा.

त्याहून मोठी गोम पुढे आहे. वर्गात ६० मुलं आणि लॅबमध्ये २० कॉम्प्युटर, त्यातले चालू १५. एका यंत्रावर चार मुलं. पुढचा माउस धरतो, दुसरा सांगतो, उरलेले दोघे खिडकीतून पावसाकडे बघतात. ४१ तासांतले प्रत्येकाच्या हाताला येतात सुमारे १०.

सभेत एका वडिलांनी सुचवलं, अर्धा वर्ग चित्रकलेला पाठवा, मग यंत्रावर दोघंच बसतील. बरोबर, गर्दी कमी होईल. पण मग प्रत्येक अर्ध्या वर्गाच्या तासिकाही निम्म्या होतात. मी मोबाईलवर गुणाकार करून पाहिला. १५ यंत्रं गुणिले ४१ तास, भागिले ६० मुलं, उत्तर पुन्हा १०. मुलं कशीही वाटा, यंत्राचे तास तेवढेच. नळाचं पाणी हंडा बदलून वाढत नाही, नळ जास्त वेळ सोडावा लागतो. म्हणजे बंद पडलेली पाच यंत्रं दुरुस्त करायची, किंवा शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवायची. तिसरा मार्ग मला दिसला नाही.

दहावीचा अभ्यास बुडेल त्याचं काय?

आठवी-नववीत उरकलं तर नाही बुडणार. दहावीच्या वर्षात ही परीक्षा ठेवत असतील तर मी स्वतः विरोध करेन.

नोकरीला चालेल का?

राज्य सरकारच्या भरतीच्या जाहिरातींत 'संगणक अर्हता' असा एक मुद्दा असतो आणि त्यापुढे ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा हवाला. त्यात एमएस-सीआयटी आणि नाइलिटचे सीसीसी वगैरे कोर्स येतात. शाळेचं सर्टिफिकेट यांपैकी असेल तर उद्या उपयोगी पडेल. दुसऱ्या संस्थेचं असेल, तर जिन्याच्या कितीही वरच्या पायरीवर असलं तरी त्या जाहिरातीसाठी नाही पडणार. मान्यताप्राप्त असणं आणि अमुक नोकरीला मान्य असणं या दोन गोष्टी आहेत.

पण तेरा वर्षांच्या मुलाला या भीतीपोटी फॉर्म भरायला लावू नका. बऱ्याच पदांना ही अर्हता नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत मिळवली तरी चालते. खासगीत तर, निदान आमच्या कारखान्यात, मुलाखतीला आलेल्याचं सर्टिफिकेट कोणी उघडून पाहत नाही. मागच्या महिन्याचा तक्ता समोर ठेवतो आणि म्हणतो, यात चूक कुठे आहे शोधा.

फॉर्म भरणारच असाल तर नाव दहावीच्या फॉर्मवर जसं जाणार आहे तसंच लिहा, आडनाव आधी तर आधी. माझ्या एका सर्टिफिकेटवर आडनाव शेवटी आहे आणि त्यापायी मी एकदा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं आहे.

एआय आल्यावर हे शिकायचं कशाला?

हा प्रश्न सभेत एका नववीच्या मुलाने मागून विचारला, आणि मोठ्यांपैकी कोणाला धड उत्तर देता आलं नाही. मला तिथे सुचलं नाही, घरी सुचलं.

आता एआयला म्हटलं, मला गुणांच्या बेरजेचं सूत्र लिहून दे, तर ते देतं. समजा त्याने दुसऱ्या ओळीपासून चाळिसाव्या ओळीपर्यंत बेरीज घेतली आणि मुलं ४१ आहेत. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणजे शेवटची दोन मुलं बाहेर राहिली. उत्तर येतं, नीटनेटकं दिसतं, लाल खूण कुठेच नाही. हे कोणाच्या लक्षात येईल? ज्याने स्वतः कधीतरी तशी चूक केली आहे त्याच्या. रिक्षाने जाणाऱ्याला स्टिअरिंग येण्याची गरज नसते, पण वाशीला जायचं असताना रिक्षा महापेकडे वळली तर ते कळावं लागतं. वर्गणीच्या यादीनंतर आमच्या लेकीला हे कळतं. ती आता एआयने केलेल्या यादीतली पहिली आणि शेवटची ओळ कागदाशी ताडून बघते. काकांचा धसका आहे तो, पण कामाचा.

कुलपाची गोष्ट

एवढं सगळं वाचून वाटेल की मी या सर्टिफिकेटच्या फार बाजूने नाही. आहे मी बाजूने. कारण वेगळं आहे.

आपल्याकडे शाळांत कॉम्प्युटर आले नाहीत असं नाही. केंद्राची 'आयसीटी अ‍ॅट स्कूल' योजना २००४ ची. महाराष्ट्रात ती कंपन्यांमार्फत राबवली गेली. कंपनीने लॅब बांधायची, करार असेपर्यंत शिक्षकासह चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची. करार संपले, कंत्राटी शिक्षक गेले आणि अनेक शाळांत यंत्रं तेवढी मागे राहिली. आमच्या शाळेची लॅब कुठल्या पैशातून आली ठाऊक नाही, पण गेल्या वर्षी लेक सातवीत असताना ती वर्षभरात चार वेळा उघडली. चावी शिपाईकाकांकडे, काका मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय देत नाहीत, आणि मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत कारण माउस चोरीला जातात. कॉम्प्युटरवर निळ्या प्लॅस्टिकचे शिवलेले झगे. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या.

बाहेरची परीक्षा आली की हे असं ठेवता येत नाही. तारीख ठरते, परीक्षक येणार असतो, फी भरलेले पालक विचारायला येतात. परीक्षा मुलांची म्हणायची, पण पहिल्यांदा पेपर सोडवायला बसते ती शाळा.

आम्ही सात-आठ पालकांनी फॉर्म भरण्याआधी मुख्याध्यापकांना एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. परीक्षेत प्रात्यक्षिक किती गुणांचं ते लेखी सांगा. कोर्स दोन वर्षांत वाटा. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास लॅब उघडी ठेवा, पालकांपैकी एक जण बसेल. ज्यांच्या घरी फी जड जाईल त्यांच्या मुलांचं काय, हा मुद्दा आम्ही तोंडी बोललो, त्यावर अजून "बघू" एवढंच उत्तर आहे. शनिवारचं मात्र त्यांनी मान्य केलं. महापेला यूपीएसच्या कंपनीत काम करणारे एक बाबा स्वतःच्या स्कूटरवरून बॅटऱ्या घेऊन आले.

पहिल्या शनिवारी पाळी माझी होती. झगे काढले, धूळ पुसली, १५ पैकी १३ यंत्रं सुरू झाली. आठवीतली एक मुलगी पहिल्याच रांगेत बसली. फाइल उघडली, खालचा मजकूर दिसेना, तर तिने मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवलं आणि वर सरकवलं. एकदा, दोनदा, मग जरा जोरात. मी माउस उचलून तिच्या हाताखाली ठेवला.